आठ आणे फरक

आमच्या घरात जवळजवळ वर्षभर कच्चा कांदा फुटला नाही, आणि त्याला कारण मी होते. पलूस तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरात हे म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. दुपारी रानातून आलेला माणूस हातपाय धुतो, मांडी घालून बसतो, भाकरीवर खर्डा घेतो आणि काही न बोलता कांद्यावर बुक्की मारतो. ती बुक्की बसल्याशिवाय जेवण सुरू झालं असं आमच्याकडे कुणाला वाटत नाही. पण मी शिंकणाऱ्या प्रत्येकाला होमिओपॅथीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, आणि गोळ्या चालू असताना कांदा, लसूण, हिंग, कापूर, कॉफी यांतलं काही चालत नाही असं माझ्या पुस्तकात ठळक छापलेलं होतं. घरात सहा माणसं, त्यात उसाच्या फडातली धूळ. कुणी ना कुणी शिंकतच असायचं. माझे चुलते तात्या मग मळ्यातच कांदा फोडून खायचे, पाटाच्या पाण्यानं चूळ भरायचे आणि साळसूद चेहऱ्यानं घरी यायचे. मला तो वास दारातच लागायचा आणि मी त्यांची गोळी दोन तास पुढं ढकलायची. पंधरा वर्षांची पोर मी, पण घरात माझा दरारा होता, आणि तो मला आवडायचा हे आता कबूल करायला हरकत नाही.

गोळ्यांची पेटी अण्णांनी आणली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, सैन्यात होते आणि वर्षातून एकदा रजेवर यायचे. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड ठाण्यावर त्यांच्या पलटणीतल्या एका बंगाली सुभेदारानं त्यांचा महिनाभर न हटलेला खोकला चार पांढऱ्या गोळ्यांनी घालवला होता. निदान अण्णांचं म्हणणं तसं होतं. त्या रजेत ते मला एसटीनं सांगलीला घेऊन गेले. पेठेच्या मागच्या गल्लीत एक अरुंद दुकान होतं, छतापर्यंत बाटल्यांची कपाटं, आणि आत शिरताच नाकात जाणारा स्पिरिटचा वास. डॉक्टरची चिठ्ठी वगैरे कुणी मागत नव्हतं. काउंटरमागचे म्हातारे गृहस्थ प्रत्येक गिऱ्हाइकाला एवढंच विचारायचे, "सर्दी वाहती आहे की कोंदलेली?" आणि उत्तराप्रमाणे हात वर करून न बघता बाटली काढायचे. अण्णांनी लाकडी पेटी घेतली, तिच्यात ओळीनं बसवलेल्या काचेच्या नळ्या, आणि एक मराठी पुस्तक घेतलं. येताना एसटीत आम्ही भडंग खात बसलो होतो तेव्हा ती पेटी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "तुज्या आईला वाचाय येत न्हाई, मी हितं नसतो. आजपास्नं घरची डाक्टरीण तू." इतका मोठा हुद्दा त्यानंतर आयुष्यात मला कुणी दिला नाही.

पुस्तकातली 'सर्दी, खोकला व श्वासाचे विकार' ही प्रकरणं मी महिन्याभरात पाठ केली. गार वारा लागून एकाएकी आलेल्या सर्दीला ॲकोनाइट. कोरडा, डोकं फोडणारा खोकला असेल तर ब्रायोनिया. छातीत घरघर वाजते पण कफ सुटत नाही, तर अँटिम टार्ट. गोळीला हात लावायचा नाही, नळीच्या झाकणात घ्यायची आणि झाकणातूनच जिभेवर सोडायची. आधी पंधरा मिनिटं आणि नंतर पंधरा मिनिटं तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. अण्णांचं जुनं घड्याळ मी मनगटावर बांधायची आणि ती पंधरा मिनिटं मोजायची. पेटी देवळीत ठेवता येईना, कारण तिथं आई आरतीला कापूर लावायची आणि कापराच्या वासानं औषधाची ताकद जाते असं लिहिलेलं होतं. शेवटी आईनं देवांना परसदारच्या खोलीत नेलं. पेटी देवळीत आली. आईनं एवढं सोसलं, पण नाक आणि डोळे गळणाऱ्या सर्दीला द्यायचं औषध कांद्यापासूनच बनवतात हे मी तिला एकदा कौतुकानं वाचून दाखवलं, तेव्हा मात्र तिचा तोल गेला. "म्हंजी आमी कांदा खायाचा न्हाई, आन तू आमाला कांद्याच्याच गोळ्या चारतीस? तात्या बिचारं मळ्यात चोरून खात्यात, त्यास्नी तरी सांग." मी तिला सूक्ष्म मात्रेचा सिद्धांत समजावून सांगितला. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता मी साताऱ्यात मुलाकडे राहते. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये या गोळ्या अजून मिळतात, आता चपट्या, खोक्यावर नंबर असलेल्या. सर्दीला हा नंबर, खोकल्याला तो नंबर. माझी सून इंजिनियर आहे, ती नातीला शिंका आल्या की हक्कानं आणते आणि माझ्यासमोर देते. वाहत्या नाकाला गोळी द्या नाहीतर देऊ नका, ते आठवड्याभरात आपण होऊन थांबतं, हे मी एवढ्या वर्षांत हजारदा पाहिलंय. मी फक्त नातीचा झगा वर करते आणि श्वास घेताना तिच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते का ते बघते. सून म्हणते, "आई, तुमचं आपलं काहीतरीच." असू दे काहीतरीच. हे मी कुठं शिकले ते सांगायलाच आज बसले आहे.

आमच्या घराला लागून दस्तगीरचाचांचं घर होतं. चाचा पिंजारी. त्यांच्या पुढच्या पडवीत छताला टांगलेली मोठी पिंजण होती, तिच्या ताणलेल्या तातीवर ते लाकडी ठोकळा मारायचे आणि तुंई-तुंई असा आवाज आमच्या भिंतीतून सकाळपासून सुरू व्हायचा. मी त्या आवाजावर अभ्यास केला, त्या आवाजावर झोपा काढल्या. कापूस उडून त्यांच्या भुवया, मिशा, कानांतले केस सगळं पांढरं असायचं, आणि संध्याकाळी चाची त्यांना अंगणात उभं करून टॉवेलनं झोडपून काढायची. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचं पातेलं यायचं, दिवाळीला आमच्याकडून करंज्या जायच्या, त्यात नवल असं काही नव्हतं. चाचांना खोकला होता. रात्री दम लागायचा. मी माझी पेटी घेऊन त्यांच्या पडवीत गेले तेव्हा घरच्या माणसांवर हात साफ होऊन मला पाच-सहा महिने झाले होते आणि खऱ्या, अवघड रोग्याची मला भूक लागली होती.

मी चाचांना चाळीस प्रश्न विचारले असतील. खोकला कोरडा की ओला? सकाळी वाढतो की संध्याकाळी? उजव्या कुशीवर झोपता की डाव्या? गोड आवडतं की खारट? राग लवकर येतो का? चाचा कापसाच्या ढिगात बसून, अंगावर कापूस घेऊन, एकेका प्रश्नाचं शांतपणे विचार करून उत्तर देत होते. राग येतो का याला चाची आतून म्हणाली, "मला इचार की." मी सगळं पुस्तकाशी ताडून पाहिलं आणि औषध काढलं. रोज शाळेला जाताना मी त्यांच्या दारात उभी राहायची. "चाचा, कसं वाटतंय?" ते ठोकळा थांबवायचे. "बरं हाय की. चार आणे फरक हाय." पुढं पावसाळा लागला आणि चार आण्यांचे आठ झाले, श्रावणात तर बारा. चाचांचा खोकला खरोखरच उतरला होता, भिंतीतून ऐकू येत नव्हता. मी अण्णांना चार पानांचं पत्र लिहिलं. अण्णांनी ते पलटणीत वाचून दाखवलं असं त्यांचं उत्तर आलं.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली. आमच्या भागात मुलीबरोबर गादी आणि दोन उशा द्यायच्याच, त्यामुळे चाचांच्या पडवीत कापसाच्या गोण्या छतापर्यंत लागल्या आणि पिंजण उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत वाजायला लागली. खोकला परत आला. या वेळी त्यात शिट्टीसारखा एक आवाज होता. मी पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की औषध बरोबर लागू पडलं की रोग आधी उसळी घेतो आणि मग जातो. माझी कळी खुलली. मी तीसच्या मात्रेवरून दोनशेवर गेले आणि चाचांना सांगितलं, "आता थोडं वाढंल. वाढलं तर चांगलंच. म्हंजी औषध मुळाशी गेलंय."

आठवड्यानं चाची आमच्या परसात आली. आई भांडी घासत होती, पण चाची माझ्याशी बोलायला आली होती. "नंदे, ह्यास्नी रातभर बसून काडाय लागतंय. मी म्हंती, सांगलीला सरकारी दवाखान्यात दावून यावं. जाऊ काय?" चाळिशी उलटलेली बाई पंधरा वर्षांच्या मला विचारत होती. मी काय सांगितलं ते मला शब्दाशब्दानं आठवतं, कारण ते मी नंतर फार वेळा मनात ऐकलंय. मी म्हणाले, "चाची, आणि आठ दिस थांबा. आत्ता दुसरं औषिद पोटात गेलं तर माजं समदं फुकट जाईल." आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "नंदे, त्यास्नी जाऊ दे की." मी म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?" चाची थांबली. माझ्या शब्दावर थांबली.

पाचव्या दिवशी शनिवार होता, शाळा सकाळची. साडेअकराच्या सुमाराला मी घरी आले आणि दप्तर टेकवताना माझ्या लक्षात आलं की भिंतीतून आवाज येत नाही. लग्नसराईत, भर दिवसा. मी तशीच शेजारी पळाले. चाचा कापसाच्या ढिगावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढं वाकून. तोंड उघडं होतं, खांदे वरखाली होत होते, आणि दर श्वासाला गळ्याखालचा खळगा आत जात होता. ओठ जांभळे पडले होते. चाची त्यांची पाठ चोळत होती. मला बघून तिच्या चेहऱ्यावर जी आशा आली ती आठवली की आजही मला माझी लाज वाटते.

मी पेटी आणायला पळाले. अँटिम टार्टच्या चार गोळ्या झाकणात घेतल्या, चाचांच्या जिभेवर सोडल्या, घड्याळ बघितलं. चाचांनी हातानं खूण केली, पाणी. चाचीनं तांब्या उचलला आणि माझ्याकडे बघितलं. "देऊ?" मी म्हणाले, "पंधरा मिंटं न्हाई." आणि त्या माणसानं ऐकलं. श्वासाला महाग झालेल्या, घसा कोरडा पडलेल्या माणसानं तांब्याकडे बघून मान हलवली आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसला. चाची तांब्या हातात धरून उभी. मी काट्यावर नजर लावून. आम्ही तिघंही नियम पाळत होतो. किती वेळ गेला ते मला नक्की माहीत आहे, सहा मिनिटं. तेवढ्यात आई माझ्या मागून आली, चाचांना एकदा बघितलं, चाचीच्या हातातून तांब्या घेतला आणि त्यांच्या ओठाला लावला. मग अंगणात जाऊन तिनं तात्यांना अशी हाक मारली की ती मळ्यापर्यंत गेली.

तात्यांनी शेजारच्या आळीतल्या दूधवाल्याचा टेम्पो मिळवला. मागं कॅन बाजूला सारून आम्ही चाचांना बसवलं. झोपवलं की त्यांचा श्वास अडायचा, म्हणून आई आणि चाची दोन्हीकडून त्यांना धरून बसल्या, आणि मी समोर. मला कुणी ये म्हणालं नव्हतं आणि कुणी नको म्हणालं नव्हतं. साखर कारखाने सुरू होते, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि दूधवाला हॉर्नवर हात ठेवून शेतकडेच्या मातीतून गाडी घालत होता. चाचांचे डोळे मिटत होते. चाची सारखी म्हणत होती, "आवं, माज्याकडं बगा. बगा की माज्याकडं." त्या रस्त्यावर मी पहिल्यांदा मनाशी स्पष्ट म्हटलं की हा माणूस मरेल, आणि तो मी थांबवल्यामुळे मरेल. देवाचं नाव घ्यायचं मला सुचलं नाही. मी त्यांच्या छातीकडे बघत राहिले, ती थांबू नये म्हणून, जणू माझ्या बघण्यानंच ती चालू होती.

दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला, सुई दिली, आणि तासाभरानं ओठांचा रंग बदलला. डॉक्टर बाई होत्या, तिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी चाचीला पहिलाच प्रश्न विचारला तो माझ्या चाळिसांत नव्हता. "हे काम काय करतात?" चाची म्हणाली, "पिंजारी, बाई. कापूस पिंजत्यात." डॉक्टरबाईंनी चाचांच्या कानातून कापसाचा एक धागा चिमटीत काढला आणि बघत राहिल्या. "पावसाळ्यात बरं असतं का यांना?" चाची म्हणाली, "व्हय. पावसाळ्यात कापूस वल धरतोय, काम बंद अस्तंय." मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या औषधानं आलेला बारा आणे गुण कुठून आला होता ते मला तिथल्या तिथं समजलं. मग त्या म्हणाल्या, "इतके दिवस का थांबलात?" चाची आणि आई माझ्यासाठी गप्प होत्या, आणि ते मला सहन होईना. मी म्हणाले, "मी थांबवलं. मी गोळ्या देते." बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. "वय काय तुझं?" "पंधरा." त्या रागावतील म्हणून मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "रोगी तुझ्यासमोर कापसात बसलेला होता ना? मग पुस्तकात काय बघत होतीस?" आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

चाचा त्या खेपेला वाचले. डॉक्टरबाईंनी पिंजण बंद करायला सांगितलं, ती त्यांनी लगेच काही केली नाही, एवढं शहाणपण कुणाच्याही अंगात एका दिवसात येत नाही. पण तोंडाला ओला पंचा बांधायला लागले, आणि वर्षा-दोन वर्षांत पलूसला पिंजण्याचं मशीन आलं तेव्हा कापूस तिकडं द्यायचा आणि घरी फक्त गाद्या शिवायच्या असं त्यांनी सुरू केलं. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. मी बारावीनंतर नर्सिंगला गेले आणि वाईच्या बाजूला तीस वर्षं आरोग्य केंद्रांत नोकरी केली. लोक मला विचारतात, तेव्हा घाबरून तू हे सगळं सोडून कसं दिलं नाहीस? मी घाबरले होते, पण मला रोगी बरा करायचा होता ही गोष्ट खरी होती, आणि खरी गोष्ट कशाला सोडायची? ती कशी करायची ते शिकून घ्यायचं.

पण त्या दवाखान्यातलं एक सांगायचं राहिलं. चौथ्या दिवशी आईनं चाचांसाठी ज्वारीची भाकरी आणि मुगाचं पातळ कालवण दिलं, ते घेऊन मी तात्यांबरोबर सांगलीला गेले. चाची खाली औषध आणायला गेली होती, तात्या बाहेर बिडी ओढत होते. चाचा उशांना टेकून बसले होते. मिशा धुऊन काळ्या झालेल्या मी पहिल्यांदाच बघत होते. मी म्हणाले, "चाचा, माजं चुकलं." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं." मी म्हणाले, "न्हाई. पर तुमी तर म्हनत हुता फरक हाय म्हून. कार्तिकात बी आठ आणे म्हनला हुता." चाचांनी पायाकडची चादर ओढून घेतली. मग म्हणाले, "तू दारात हुबी ऱ्हायचीस, दप्तर घिऊन. डोळं यवडं मोटं करून. न्हाई म्हनाय माजी जीभच उटायची न्हाई. आट आणे म्हनलं की तू उड्या मारत साळंला जायाचीस."

माझ्या पहिल्या रोग्यानं मला सहा महिने सांभाळलं होतं, आणि मी समजत होते की मी त्याला सांभाळतेय. मी त्यांच्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "आता खरं सांगा चाचा. माज्यासाठनं काय म्हनू नका. कसं वाटतंय?"

त्यांनी उत्तर द्यायला फार वेळ घेतला. त्या सगळ्या महिन्यांत त्यांनी इतका विचार कधी केला नव्हता. मग छातीवर उजवीकडे हात ठेवला आणि हळू म्हणाले, "लय वाईट वाटतंय, नंदे. हितं सकाळपास्नं सुई टोचल्यागत व्हतंय. चाचीला बोललो न्हाई."

मी उठले, आणि त्यांच्या छातीवर कुठं दुखतंय ती जागा बोटानं नीट बघून घेऊन नर्सला बोलवायला पळाले.